अर्धांगवायूच्या पेशंटचे पहिले तीन दिवस: सिस्टरच्या हातात नेमकं काय असतं?

परिसेविका

अर्धांगवायूचा झटका (स्ट्रोक) आला की साडेचार तासांच्या आत सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात पोचा, हे आता पेपर आणि व्हॉट्सॲपमुळे बऱ्याच घरांत माहीत झालंय. चांगलंच आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तीन तासांत दिलं तर फायदा होतो हे १९९५ साली अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं, २००८ मध्ये युरोपातल्या अभ्यासाने ती मुदत साडेचार तासांवर नेली, आणि आता मोठ्या शहरांत जांघेतल्या धमनीतून नळी घालून गुठळी ओढूनही काढतात. यावर या मंचावर आधी चर्चा झाल्या आहेत.

मला बोलायचंय ते बाकीच्यांबद्दल. मी जिल्ह्याच्या ठिकाणी मेडिसिन आयसीयू आणि त्याला लागून असलेल्या वॉर्डाची इन्चार्ज आहे. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पेशंटना ते इंजेक्शन मिळत नाही. कुणी झोपेतून उठतानाच वारं गेलेलं असतं, कुणी आधी दोन दिवस मालिश करून आलेला असतो, कुणाच्या सीटीत रक्तस्राव दिसतो. मग डॉक्टर नातेवाइकांना सांगतात, "आता फक्त सपोर्टिव्ह ट्रीटमेंट." हे ऐकून नातेवाईक समजतात की आता काही करण्यासारखं नाही. आणि खरं सांगते, आपल्यातल्याही काही जणी तसंच समजतात.

पण ही "फक्त सपोर्टिव्ह" म्हणजे जवळजवळ सगळी नर्सिंगच आहे, आणि तिने माणूस वाचतो, स्वतःच्या पायावर उभा राहतो, याचा भक्कम पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात सँडी मिडलटन यांनी न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिटमध्ये (फक्त अर्धांगवायूच्या पेशंटसाठीच्या वॉर्डांत) एक अभ्यास केला. या बाई स्वतः नर्स आहेत, हे मुद्दाम सांगते. तो २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. काही युनिटमधल्या नर्सेसना तीन गोष्टींचे प्रोटोकॉल दिले आणि ते पाळले जातील अशी व्यवस्था केली: ताप, साखर आणि गिळणं. पहिले ७२ तास ताप ठरावीक वेळाने बघायचा आणि ३७.५ अंश सेल्सिअसला पोचला की लगेच पॅरासिटामॉल. साखर पुन्हा पुन्हा तपासायची आणि वाढली की ठरलेल्या पद्धतीने इन्सुलिन. आणि गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडातून पाणी, अन्न, गोळी काहीही नाही. नव्वद दिवसांनी पाहिलं तर नेहमीच्या पद्धतीच्या युनिटमध्ये मेलेले किंवा परावलंबी झालेले ५८ टक्के होते, प्रोटोकॉलवाल्या युनिटमध्ये ४२ टक्के. नवीन औषध नाही, मशीन नाही.

आता आपल्याकडे बघा. ३७.५ सेल्सिअस म्हणजे ९९.५ फॅरनहाइट. आपल्या टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर ९९.६ लिहिलं जातं, खाली सही होते आणि पुढच्या बेडकडे जातो. आपल्या हिशेबी ताप शंभराच्या पुढे सुरू होतो. टायफॉइडच्या पेशंटला ते चालून जाईल. नुकतीच इजा झालेल्या मेंदूला चालत नाही, कारण थोडा ताप वाढला तरी मेंदूची प्राणवायूची गरज वाढते आणि इजेच्या कडेचा जो भाग अजून जिवंत असतो तोच आधी जातो.

एमएस्सी नर्सिंगच्या मुली दरवर्षी प्रश्नावली घेऊन येतात. "जीसीएसचे एकूण गुण किती?" (जीसीएस म्हणजे डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांवरून शुद्ध मोजायचे गुण.) सगळ्या जणी १५ वर खूण करतात. ज्ञान उत्तम, असा निष्कर्ष. पण उजवी बाजू गेलेल्या आणि वाचा बंद झालेल्या आजोबांचा जीसीएस घ्यायला सांगा. कुणी उजव्याच हाताला चिमटा काढून "मोटर वन" लिहितं, कुणी बोलत नाहीत म्हणून "व्हर्बल वन". संध्याकाळी ड्युटी बदलतानाच्या ओव्हरमध्ये आकडा इतका खाली दिसतो की येणारी सिस्टर घाबरते. आजोबा तर डोळे उघडे ठेवून डाव्या हाताने चादर सावरत असतात. जीसीएसमध्ये सगळ्यात चांगला प्रतिसाद मोजायचा, म्हणजे चांगल्या बाजूचा. आणि वाचा गेली असेल तर शेजारी तसं शब्दांत लिहायचं, म्हणजे उद्या आकडा खरंच घसरला तर तो ओळखू येईल.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्याला माहीत नाही ही मुख्य अडचण नाहीच. जे माहीत आहे ते विचारायला न थांबता करता येईल असा लेखी अधिकार आपल्याकडे नाही. तुमच्या तुमच्या ठिकाणी काय चालतं ते लिहा.

ट्यूटर_ताई

परिसेविकाताई, मनातलं लिहिलंत. मी नर्सिंग कॉलेजात मेडिकल-सर्जिकल शिकवते, आणि त्या प्रश्नावल्यांपैकी काही माझ्याच सहीने तुमच्या वॉर्डात आल्या असतील.

प्रश्नावलीची बाजू थोडी मांडते. पूर्व-चाचणी, मग एक-दोन व्याख्यानं, आठवड्याने उत्तर-चाचणी, गुण वाढलेले: हा साचा झालाय हे खरं. पण विद्यार्थिनीकडे तेवढाच वेळ असतो. त्यात मी एक बदल करून घेतला. प्रश्नावलीसोबत निरीक्षणाची यादी ठेवायला लावली. विद्यार्थिनीने वॉर्डात उभं राहून बघायचं: गोळी देण्याआधी सिस्टरने पेशंटला बसवलं का, आवाज ऐकला का, कूस बदलताना खांदा कसा धरला. पेपरातले गुण आणि यादीतले गुण यांचा मेळ बसत नाही, हे दर वेळी दिसतं. आणि कुणी बघतंय म्हटल्यावर माणूस नीटच वागतो, म्हणजे एरवीचं चित्र त्याहून कमीच असणार.

अधिकाराचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. काही गोष्टींना कुणाची परवानगी लागत नाही. तोंडाची स्वच्छता घ्या. अर्धांगवायूच्या पेशंटला होणारा न्यूमोनिया बऱ्याचदा तोंडातल्याच जंतूंनी होतो. लाळ नीट गिळली जात नाही, ती जंतूंसकट श्वासनलिकेत उतरते. आरटी (नाकातून पोटात जाणारी नळी) घातलेल्या पेशंटचं तोंड तर कुणी उघडून बघतच नाही, कारण "तोंडाने काही घेतच नाहीत ना". टॉर्च लावून बघा, टाळूला मेणचट थर चिकटलेला असतो. जेवणाऱ्या पेशंटच्या लुळ्या गालात भाताची शितं तासन्‌तास राहतात आणि त्याला कळतही नाही. हे रोज बघायला कुठला लेखी अधिकार हवा?

अबोली_म

मी नर्स नाही. वडिलांना मागच्या वर्षी डाव्या बाजूचा झटका आला तेव्हा काही दिवस वॉर्डात होते, म्हणून हा धागा वाचतेय. आमच्या तिथल्या एक सिस्टर वडिलांच्या उशाशी कागद चिकटवून गेल्या होत्या, "तोंडाने काही देऊ नका". आम्हाला तेव्हा तो कडकपणा वाटला. घसा कोरडा पडलाय, पाणी मागताहेत, आणि चमचाभरही द्यायचं नाही? शेजारच्या खाटेवर मात्र घरचे बशीत चहा ओतून पाजत होते, ते काका दर घोटाला ठसकत होते, आणि सगळे म्हणत होते की घसा मोकळा होतोय.

माझे प्रश्न दोन. गिळण्याची तपासणी नक्की कशी करतात? आणि गोळी पाण्यात विरघळवून दिली तर चालते का? आम्हाला दोन जणांनी दोन उत्तरं दिली होती.

परिसेविका

अबोली, त्या सिस्टरना माझा नमस्कार सांगा, कधी भेटल्या तर.

तपासणी अवघड नाही, पण शिकून आणि कुणाच्या देखरेखीखाली हात बसल्यावरच करायची. आधी पेशंट पुरता जागा आहे का, आधार देऊन ताठ बसू शकतो का, सांगितल्यावर खोकू शकतो का, आवाज स्वच्छ आहे का. यातली एक जरी गोष्ट नसेल तर तिथेच थांबायचं आणि काही तासांनी परत बघायचं. सगळं असेल तर तोंड स्वच्छ करून चमच्याने थोडं पाणी, असं तीनदा. दर वेळी गळ्यावर हलकी बोटं ठेवून कंठ वर उचलला जातोय का ते बघायचं, मग त्याला "आ" म्हणायला लावायचं. खोकला आला, आवाज घोगरा-ओलसर झाला, ओठांच्या कोपऱ्यातून पाणी गळलं, ऑक्सिजनचा आकडा खाली आला, श्वास जोरात लागला, यांपैकी काहीही झालं तर तपासणी नापास. नीट गेलं तरच पेल्यातून घोट.

घशाला काडी लावून उलटीची उबळ येते का बघणं म्हणजे ही तपासणी नव्हे. उबळ येते, तरी पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि ठसका न लागताही जाऊ शकतं, ते जास्त वाईट, म्हणून आवाजाकडे कान ठेवायचा.

विरघळवलेल्या गोळीबद्दल: पाणी हाच सगळ्यात धोक्याचा पदार्थ, त्यामुळे पाण्यात विरघळवून गोळी सुरक्षित होत नाही. शिवाय काही गोळ्या हळूहळू सुटण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या कुटल्या की सगळा डोस एकदम जातो. डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टना विचारल्याशिवाय कुठलीच गोळी कुटू नये.

वाफाळ

मी फिजिशियन आहे, एका छोट्या खासगी रुग्णालयात. विषय चांगला आहे, पण एक आक्षेप नोंदवतो. गिळण्याची तपासणी सिस्टरने केली, "पास" लिहिलं आणि रात्री पेशंटला ॲस्पिरेशन झालं (अन्नपाणी श्वासनलिकेत गेलं), तर जबाबदारी कुणाची? गिळणं तपासणारा स्पीच थेरपिस्ट आपल्याकडे जिल्ह्याच्या गावातही सहज मिळत नाही. म्हणून मी तरी सरसकट पहिले दोन दिवस आरटी टाकतो. निदान तोंडातून काही जात नाही याची खात्री राहते.

तापाबद्दल पूर्ण सहमत. आणखी एक भर: डोक्याकडचा भाग उंच ठेवावा की सपाट, यावर बरेच वाद होते. २०१७ मध्ये 'हेडपोस्ट' नावाचा मोठा अभ्यास आला, त्यात अपंगत्वाच्या दृष्टीने दोन्हींत फरक दिसला नाही. तेव्हा उलटी होणाऱ्या किंवा आरटी असलेल्या पेशंटचं डोकं ३० अंश वर ठेवायला हरकत नाही.

परिसेविका

डॉक्टर, आक्षेप रास्त आहे, पण आरटीची खात्री खोटी आहे. नळीने लाळ थांबत नाही, आणि पोट भरलं की नळीच्या बाजूने वर येतंच. उलट नळी टोचते म्हणून पेशंट ती ओढतो, मग आपण हात बांधतो, आणि तो चांगला हात असतो. ज्याला गिळता येतंय त्याला नळी घालणं म्हणजे त्याचा दोन दिवसांचा व्यायामच बंद करणं.

जबाबदारीचं उत्तर तुमच्याच हातात आहे. तुम्ही सहा सिस्टरना शिकवा, प्रत्येकीच्या पहिल्या काही तपासण्या शेजारी उभं राहून बघा, आणि "या सिस्टर ही तपासणी करण्यास सक्षम आहेत" असं लिहून सही करा. आज ती सही नाही म्हणूनच मग तपासणीही नाही, आणि नातेवाईक बशीने चहा पाजतात. त्याची जबाबदारी कुणाची, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

टेम्सकाठची

मी मूळची साताऱ्याची, लंडनमध्ये एका हायपरॲक्यूट (अगदी ताज्या झटक्यांच्या) स्ट्रोक युनिटमध्ये काम करते. २०१० मध्ये इथे सगळ्या शहराचे ताजे झटके आठच रुग्णालयांकडे न्यायचं ठरलं, त्यातलं एक आमचं. पहिले ७२ तास पेशंट आमच्याकडे असतो.

परिसेविकाताई, तुमचं "लेखी अधिकार" हे इथे रोज दिसतं. पेशंट ॲम्ब्युलन्समधून उतरतो तेव्हा दारात स्ट्रोक नर्स उभी असते. वजन घेणं, एनआयएचएसएस (झटका किती मोठा ते सांगणारे गुण) मोजणं, सीटीकडे नेणं हे ती सुरू करते. गिळण्याची तपासणी चार तासांच्या आत झाली की नाही, याचं देशभर ऑडिट होतं आणि प्रत्येक युनिटचे आकडे जाहीर होतात. तपासणी करणारी असते प्रशिक्षित नर्सच. स्पीच थेरपिस्ट नापास झालेल्यांना सविस्तर बघायला येतात.

म्हणून डॉक्टरसाहेबांना सांगावंसं वाटतं, इथेही रात्री दोन वाजता स्पीच थेरपिस्ट नसतो. तपासणी नर्सने करायची हे व्यवस्थेने ठरवलं, शिकवलं, मोजलं, म्हणून ती होते.

पण इथलं सगळं तिकडे उचलून नेता येणार नाही हेही खरं. नीट गिळता न येणाऱ्यांसाठी पातळ पदार्थ घट्ट करायची पावडर इथे प्रत्येक वॉर्डात असते, घट्टपणाच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. आई आजारी होती तेव्हा गावी मी नाचणीची पेज करून चमच्यावरून ती कशी पडते ते बघत बसायचे. धारेने पडली तर आणखी शिजवायची, गोळा होऊन सावकाश पडली की ठीक. तिला कुठला घट्टपणा झेपतो ते आधी तपासून घेतलं होतं. तो घट्टपणा वहिनीला दाखवून ठेवला.

नाईट_ब्रदर

सगळं पटलं. आता रात्रीचं सांगतो. रात्री आठ ते सकाळी आठ, आयसीयूत मी आणि एक नवी सिस्टर. व्हेंटिलेटरवर पेशंट आहेत, आणि साडेनऊला इमर्जन्सीतून फोन येतो, "थ्रोम्बोलिसिसचा पेशंट वर पाठवतोय." म्हणजे गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा.

या पेशंटचं बीपी पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने आणि मग २४ तास पुरे होईपर्यंत तासातासाने बघायचं. हिशेब केला तर ३६ नोंदी, आणि दर नोंदीबरोबर हातपाय, बोलणं, डोळ्यांच्या बाहुल्या. मॉनिटरला १५ मिनिटांचं ऑटो लावतो, पण ते फक्त बीपी. बोलणं अडखळतंय का हे मॉनिटर सांगत नाही. १८०/१०५ च्या वर गेलं की लगेच कळवायचं, कारण इंजेक्शननंतरच्या रक्तस्रावाला वाढलेलं बीपी हे मोठं कारण. अचानक डोकं दुखायला लागलं, उलटी झाली, गुंगी वाढली, हात आणखी पडला, तर आधी पंप बंद, मग फोन. हा क्रम मी नव्या मुलांकडून घोकून घेतो, कारण बहुतेक जण आधी फोन शोधतात आणि तोपर्यंत औषध जातच राहतं.

अजून दोन बारीक गोष्टी, पुस्तकात पटकन सापडत नाहीत. आल्टेप्लेजचा, म्हणजे त्या इंजेक्शनचा, डोस किलोला ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. साठ किलोच्या माणसाला ५४. त्यातला दहावा भाग, ५.४, एका मिनिटात, उरलेला ४८.६ तासाभरात. पंप "संपलं" म्हणून वाजतो तेव्हा नळीत अजून औषध असतं. तिथेच नळी काढून टाकली तर मोजून दिलेला डोस कमी पडतो. त्याच गतीने नॉर्मल सलाईन सोडून नळीतलं औषध आत जाऊ द्यायचं. आणि बाटली मिसळताना हलवायची नाही, फेस होतो, हळूच गोल फिरवायची.

दुसरं, जीभ बघा. काही जणांची जीभ, ओठ या औषधाने सुजतात, विशेषतः जे आधीपासून रामिप्रिल, एनालाप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्या घेत असतात. सूज वाढली तर श्वास अडतो. मी बीपीच्या नोंदीबरोबर "जीभ दाखवा" म्हणतोच.

परवानगीचा मुद्दा बरोबर आहे, पण माणसं द्या हो. दोघांत हे सगळं करायचं म्हणजे कुणाचं तरी काहीतरी राहणारच.

ट्यूटर_ताई

नाईट_ब्रदर, जिभेचं आणि नळीतल्या औषधाचं वर्गात सांगणार. आता टेनेक्टेप्लेज हे त्याच कामाचं दुसरं औषध एकाच बोलसमध्ये (एकदम) देतात, त्याने पंपाचं काम वाचतं, पण नंतरचं बघणं तेवढंच राहतं. त्याचा डोस वेगळा असतो हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसवायला हवं. नावं सारखी वाटतात म्हणून गोंधळ होऊ शकतो.

माणदेशी

मी उपकेंद्रात आहे, त्यामुळे आयसीयूचं मला विचारू नका. पण पेशंट तुमच्याकडे पोचायच्या आधी आमच्या हातून जातो.

आमच्याकडे अजूनही एक गोष्ट चालते ती थांबायला हवी. वारं गेलेल्या माणसाचं बीपी २००/११० लागतं, आणि कुणीतरी निफेडिपिनची कॅप्सूल टोचून जिभेखाली पिळतं. बीपी धाडकन खाली येतं, घरच्यांना बरं वाटतं. पण मेंदूच्या ज्या भागाला रक्त कमी पडतंय त्याला ते वाढलेलं बीपीच कसंबसं रक्त पुरवत असतं. गुठळीचं इंजेक्शन द्यायचं नसेल तर २२०/१२० पर्यंत सहसा हात लावत नाहीत, द्यायचं असेल तर १८५/११० च्या खाली आणतात, आणि रक्तस्राव असेल तर हिशेब आणखी वेगळा. ते सगळं सीटीनंतर, मॉनिटर लावून ठरतं. आमच्या ओसरीवर ते ठरत नाही.

मी काय करते ते सांगते. पहिलं एचजीटी, म्हणजे बोट टोचून साखर. साखर ४० असलेला माणूस एका बाजूने लुळा पडलेला मी पाहिलाय, ग्लुकोज दिल्यावर उठून बसला. दुसरं, १०८ येईपर्यंत एक कागद लिहून देते. त्यावर सगळ्यात वर वेळ. लोक सांगतात "सकाळी सहाला झालं". खोदून विचारलं की कळतं, सहाला उठवायला गेले तेव्हा पडलेले दिसले. मग शेवटचं नीट कुणी पाहिलं? रात्री लघवीला उठले होते का? पहाटे धार काढायला गेले होते का? एकदा सून म्हणाली, पाचला त्यांनीच मोटर चालू केली. त्या एका वाक्याने रात्रीची दहाची वेळ पहाटे पाचवर आली. मोठ्या दवाखान्यात इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्या वेळेवरच ठरतं. ज्याने पाहिलं त्याचा मोबाइल नंबर कागदावर, आणि शक्यतो त्यालाच गाडीत बसवते.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ते पाकीटच पिशवीत घालून देते. नाव सांगताना लोक चुकतात.

वाफाळ

माणदेशीताई, तो कागद हातात मिळाला तर आमची पंधरा मिनिटं वाचतात. दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात असा २००६ साली एका अमेरिकन न्यूरोलॉजिस्टने मांडलेला हिशेब आम्ही भाषणात सांगतो. पंधरा मिनिटं म्हणजे काय ते त्यावरून बघा.

आणि परिसेविका, तुमचं सहीचं म्हणणं मला पटलं. जबाबदारी घ्यायची तर ती लिहूनच घ्यावी लागेल. पुढच्या आठवड्यात आमच्या सिस्टरना बसवतो. तुमचा प्रोटोकॉल कसा लिहिलाय ते सांगाल का?

खांदा_सांभाळा

फिजिओ आहे. वर ट्यूटरताईंनी खांद्याचा उल्लेख केला म्हणून लिहितो.

लुळ्या हाताचा खांदा पहिल्या काही दिवसांत सगळ्यात सैल असतो. सांध्याला धरून ठेवणारे स्नायूच झोपलेले असतात. अशा वेळी पेशंटला वर सरकवायला दोन जण काखेत हात घालून ओढतात, किंवा गाऊन बदलताना मनगट धरून हात वर खेचतात. खांदा त्या ओढीने खाली सरकतो. महिन्याभराने तो माझ्याकडे येतो तेव्हा हातात थोडी हालचाल परतलेली असते, पण खांदा इतका दुखतो की तो हात लावू देत नाही. चादर खाली घालून चादरीने वर सरकवा. मावशींना आणि मामांना पण शिकवा, कारण कूस तेच बदलतात. लुळा हात उशीवर, बोटं उघडी. त्याच हाताला सलाईन लावू नका, जागा चुकली आणि हात सुजला तरी त्याला दुखणार नाही, तो सांगणार नाही.

उठवण्याची घाई पण नको. २०१५ च्या 'ॲव्हर्ट' अभ्यासात पहिल्या चोवीस तासांत खूप वेळा, खूप वेळ उठवलेल्यांचं जास्त चांगलं झालं नाही, उलट थोडं वाईटच झालं. दुसऱ्या दिवसापासून थोडं थोडं पुरतं.

अबोली_म

वडिलांचा खांदा अजून दुखतो. आता कारण कळलं.

नातेवाईक म्हणून एक विनंती करते. वडिलांना डावीकडचं काही आहे हेच कळत नव्हतं, ताटातला डावीकडचा भाग तसाच राहायचा. सगळे म्हणायचे जेवण जात नाही. एका नव्या सिस्टरने ताट फिरवून दिलं आणि त्यांनी उरलेलं संपवलं. असं काही असतं हे आम्हाला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर "बाबा असं का वागतात" म्हणून आई रडली नसती. तुमच्या कागदावर घरच्यांना काय सांगायचं याचीही एक ओळ ठेवा.

परिसेविका

ठेवते, अबोली. ती ओळ माझ्या कागदावर नव्हती.

वाफाळ डॉक्टर, आमचा कागद एकाच पानाचा आहे, बेडला लटकवलेला. ७२ तासांचे रकाने, दर चार तासांनी. पहिल्या ओळीत ताप. तिथे छापलेलंच आहे, "९९.५ किंवा जास्त: पॅरासिटामॉल द्या, वेळ लिहा", आणि खाली आमच्या फिजिशियनची कायमची सही. तोंडाने की नळीने की शिरेतून, हे गिळण्याच्या ओळीवर ठरतं. कावीळ किंवा यकृताचा आजार असेल तर पॅरासिटामॉलची ओळ आधीच काटलेली असते. दुसऱ्या ओळीत एचजीटी, ६० च्या खाली आणि १८० च्या वर काय करायचं ते छापलेलं. तिसरी ओळ गिळण्याची: पास, नापास, किंवा "अजून पुरता जागा झालेला नाही, अमुक वाजता परत". ती कोरी असेपर्यंत उशाशी लाल अक्षरांत पाटी. चौथ्या ओळीत कूस, कुठल्या बाजूवर. पाचवीत लघवी. पेशंट एकदम अस्वस्थ झाला की सगळ्यांच्या मनात मेंदूची सूज येते. ती बघायचीच, पण पोटावर हात ठेवून मूत्राशय तुंबलंय का तेही बघा, ज्याला बोलता येत नाही तो तसंच सांगतो. आणि कॅथेटर (लघवीची नळी) घातलं असेल तर रोज सकाळी "अजून लागतंय का?" हा प्रश्न तिथेच छापलाय, कारण एकदा घातलेलं कॅथेटर काढायची आठवण कुणाला राहत नाही.

सुरुवातीला आमच्याकडेही विरोध झाला, आणखी एक कागद म्हणून. मी जुन्या चार्टमधल्या तीन नोंदी काढून टाकल्या, त्या दोनदा लिहिल्या जात होत्या. त्यानंतर सिस्टर तो कागद भरायला लागल्या. नाईट_ब्रदर, माणसं वाढवणं माझ्या हातात नाही, त्यासाठी वर लिहीत राहणं एवढंच. पण डॉक्टरांना उठवून पॅरासिटामॉल विचारायचं, ते येईपर्यंत थांबायचं, हे फेरे वाचले. तेवढा वेळ रात्री मिळतो.

न्यूरोलॉजिस्ट नाही म्हणून हे जमणार नाही असं कुणी म्हणालं तर आसाममधल्या तेजपूरच्या बॅप्टिस्ट ख्रिश्चन हॉस्पिटलचं उदाहरण द्या. तिथे फिजिशियननी स्ट्रोक युनिट उभं केलंय. हिमाचलमध्ये २०१४ पासून जिल्हा रुग्णालयातले डॉक्टर फोनवर न्यूरोलॉजिस्टला सीटी दाखवून इंजेक्शन देतात.

टेम्सकाठची

ताई, एक सुचवू? गिळण्याच्या ओळीत तपासणी करणाऱ्या सिस्टरचं नाव आणि वेळ येऊ द्या, नुसती टिक नको. आमच्याकडे टिक होती तोवर तपासणी न करताही टिक पडायची.

परिसेविका

बरोबर आहे. पुढच्या छपाईत नाव आणि वेळ घेते. मावशी-मामांसाठी चादरीने सरकवायचं चित्र काढून मिळालं तर मागच्या बाजूला छापीन. खांदा_सांभाळा, जमेल का?

खांदा_सांभाळा

रविवारी काढून इथेच टाकतो. डाव्या आणि उजव्या बाजूचं वेगळं काढतो, नाहीतर गोंधळ होतो.